जुन्याचा निभाव

माणसे कशावरून भांडतील याचा नेम नाही. बांधावरून भांडतात, नळाच्या पाण्यावरून भांडतात, विहिणीला पहिला चहा कोणाच्या हातून गेला यावरूनही भांडतात. आम्हा लेखक मंडळींनी तर एका अनुस्वारासाठी पिढ्यान् पिढ्या शाई आटवली आहे. पण संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी माणसेही अशीच हमरीतुमरीवर येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेरच्या माणसाला वाटते, जिथे यंत्रच न्यायाधीश आहे तिथे वादाला जागा कुठली? प्रोग्राम चालला तर बरोबर, नाही चालला तर चूक. गणिताच्या पेपरासारखे स्वच्छ काम!

तसे ते नाही. आणि गंमत अशी, की त्यांच्या भांडणांतले एक जुनाट भांडण अगदी आपल्या घरातल्यासारखे आहे. नवे आणताना जुन्याचे काय करायचे, हे ते भांडण.

ही माहिती मला मिळाली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. मी मॅट्रिक झालेला, शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. तासांतून वेळ उरला की कादंबऱ्या लिहितो. हा मुलगा माझ्या वर्गात होता तेव्हा त्याची चित्रे बेताचीच असत, पण फलकावरचे अक्षर सुरेख काढी. आता तो पुण्याला सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. गणपतीत गावी आला की आमच्याकडे एक चक्कर ठरलेली. चहाचा कप हातात घेऊन तो त्याच्या जगातल्या गोष्टी सांगतो आणि मी कादंबरीकाराच्या लबाडीने त्या ऐकून घेतो.

नोकरीखेरीज तो आणखी एक उद्योग करतो. त्याला ते लोक ‘ओपन सोर्स’ म्हणतात. म्हणजे प्रोग्राम तर फुकट द्यायचाच, पण तो कसा लिहिला आहे तेही उघडे ठेवायचे. ज्याला वाचायचा त्याने वाचावा, ज्याला सुधारायचा त्याने सुधारावा. आमच्या हिला मी हे समजावून सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे चकल्याही द्यायच्या आणि भाजणीचं प्रमाणही सांगायचं.” याहून नेमकी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

तेव्हा वादही भाजणीवरच समजावून घेऊ. समजा, आळीतल्या दहा घरांनी एकाच घरातली पितळी वाटी मापाला धरली आहे. एके दिवशी त्या घरच्या बाईंनी ठरवले, की ही वाटी वेडीवाकडी आहे, हिशेबाला सोपी अशी जरा मोठी वाटी करू. कोणी म्हणेल, त्यात काय बिघडले? डाळ वाटीने, तांदूळही वाटीने. प्रमाण तेच राहील. पण मोहनाचे तेल पळीने मोजलेले असते आणि तिखट चमच्याने! वाटी बदलली आणि पळी तीच राहिली, की दहा घरांच्या चकल्या एकदम दगड. कागदावरच्या कृतीतले एक अक्षर बदललेले नाही, तरी फराळ फसला. आता दोष कोणाचा? वाटी सुधारणारीचा, की त्या वाटीवर विसंबून राहणाऱ्यांचा?

हाच प्रश्न. जुन्या वाटीवर बसवलेल्या कृती नव्या वाटीनेही बिनबोभाट साधाव्यात, या गुणाला ते ‘बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी’ म्हणतात. मी त्याला माझ्यापुरते ‘जुन्याचा निभाव’ असे नाव दिले आहे.

या बाबतीत सर्वांत कडक सोवळे पाळणारे घर म्हणजे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज तुमच्या-माझ्या खिशातल्या अँड्रॉइडच्या फोनमध्ये तोच गाभा काम करतो. या घराचा मोठा नियम एकच. गाभ्याच्या आत हवी तेवढी मोडतोड करा, भिंती पाडा, खोल्या बदला. पण त्याच्यावर चालणारा बाहेरचा एकही प्रोग्राम बंद पडता कामा नये. काल जे चालत होते ते आज चाललेच पाहिजे.

डिसेंबर २०१२ मध्ये एका जाणत्या सहकाऱ्याच्या बदलामुळे आवाजासंबंधीचे काही प्रोग्राम अडखळू लागले. सहकारी म्हणाला, दोष त्या प्रोग्रामांचाच आहे. झाले! टोर्वाल्ड्स यांनी चारचौघांत त्याची अशी काही खरडपट्टी काढली, की तो प्रसंग अजून सांगितला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या बदलामुळे लोकांचे चालते काम थांबले, तर ती चूक आपली, वापरणाऱ्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकारच नाही. पुढे २०१८ साली आपल्या जिभेच्या तिखटपणाबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून रजाही घेतली. नियम मात्र त्यांनी मागे घेतला नाही. जीभ सुधारायची, वचन मोडायचे नाही, असा हा बाणा. मला तो माणूस आवडून गेला.

पण वचन पाळण्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. त्याची एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्याने सांगितली, ती ऐकून मी पोटभर हसलो आणि मग थोडा गंभीरही झालो.

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे एक साधन लिहिले. मोठा प्रोग्राम तुकड्या-तुकड्यांतून जुळवून तयार करायला ते उपयोगी पडते. त्यात सूचना लिहिताना ओळीच्या आरंभी ‘टॅब’ची कळ दाबून जागा सोडावी लागते. साध्या कळीने तेवढीच जागा सोडली तर चालत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही म्हणजे नुसता रिकामा कागद. पण एक शुद्ध आणि दुसरे अशुद्ध! हे गैरसोयीचे आहे हे फेल्डमन यांच्या लौकरच ध्यानात आले. पण तोवर काही आठवडे गेले होते आणि ते साधन वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक त्यांचे स्नेहीच. त्यांच्या कामात विघ्न नको, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. त्यानंतर आणखी कितीतरी लोकांनी ते साधन वापरले, मेकचे खुले अवतार निघाले, आणि जवळजवळ पन्नास वर्षे नवशिके त्या न दिसणाऱ्या जागेला ठेचकाळत आहेत.

“सर,” विद्यार्थी म्हणाला, “बारा माणसांची भीड आणि जगाला पन्नास वर्षांचा ताप!”

मी म्हटले, “अरे, पण त्या बारा जणांच्या जागी तू असतास तर?”

तो नुसता हसला. त्याच्याकडे उत्तर होते, पण ते त्याने पुढे, जरा वेगळ्या संदर्भात दिले. त्याकडे येऊच.

आता दुसरे टोक पाहा. ‘पायथॉन’ नावाची एक संगणकाची भाषा आहे. नाव अजगराचे वाटते, पण ते एका विनोदी ब्रिटिश नाटकमंडळीवरून घेतलेले आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळाच्या सुट्टीत ती लिहायला घेतली. आज शाळकरी मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे ती वापरतात. ३ डिसेंबर २००८ रोजी या भाषेची तिसरी आवृत्ती निघाली आणि तिच्या कर्त्यांनी आधीच उघड सांगून टाकले होते, की यात जुने मोडणार आहे. दुसऱ्या आवृत्तीतले प्रोग्राम तिसरीत जसेच्या तसे चालणार नाहीत.

का मोडले? मास्तर माणसाला पटेल असे उदाहरण देतो. जुन्या पायथॉनला ‘७ भागिले २’ असे विचारले की ते ३ असे उत्तर देई. पूर्णांकाला पूर्णांकानेच उत्तर, बाकी सोडून द्यायची! यंत्राच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. पण आमच्या चौथीतल्या मुलानेही त्याला साडेतीन म्हणून सुनावले असते. नवे पायथॉन साडेतीनच सांगते. सुधारणा उघड आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षे त्या ३ वर भरवसा ठेवून हिशेब बांधले होते, त्यांचे आकडे एकाएकी बदलू लागले, आणि तेही मुकाट्याने. मोडलेली खुर्ची दिसते तरी. चुकलेली बेरीज दिसतही नाही.

दुसरे कारण मात्र आपल्या जिव्हाळ्याचे आहे. जुन्या पायथॉनमध्ये साध्या पद्धतीने ‘कमळ’ हा शब्द लिहून त्याची अक्षरे मोजायला सांगितली, तर उत्तर साधारणपणे ९ येई. कारण ते अक्षरे मोजतच नव्हते, अक्षरे साठवायला लागणारी घरे मोजत होते. इंग्रजी अक्षराला एक घर पुरते. आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, आज रूढ असलेल्या साठवणीत, तीन घरे लागतात. तीन त्रिक नऊ! नव्या पायथॉनमध्ये ‘कमळ’ची अक्षरे तीन भरतात. (काना, वेलांटी ती अजून वेगळी मोजते, त्यामुळे ‘दिवाळी’ची सहा होतात. पण ते असो. तीन पावले चालली, चौथे पुढच्या जन्मी!) तात्पर्य, इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाचे जुन्यात छान चालले होते. त्याला मोडतोड हा शुद्ध उपद्रव वाटला. मोडल्यावाचून ज्यांचे काही धड चालणार नव्हते, त्यांत आपण होतो.

हे कळल्यावर माझ्या मनातला टोर्वाल्ड्स यांच्याकडे झुकलेला काटा जरा मध्यावर आला. जुने मोडू नये म्हणणाऱ्याने हेही विचारावे, की ते जुने कोणाच्या सोयीने बांधलेले होते?

मग पुढे काय झाले? भांडण बारा वर्षे चालले. लोक हलेनात. जुने काम करायचे, की चालते गाडे नव्या रुळावर आणण्यात वर्षे घालवायची? जुन्याची देखभाल २०१५ साली बंद होणार होती, ती मुदत वाढवून २०२० केली. जुन्याचे नव्यात आपोआप रूपांतर करणारे साधन काढले, पण त्याने सगळे भागेना. दोन्ही आवृत्त्यांत चालेल असे लिहायला मदत करणारे एक साधन निघाले, त्याचे नाव ‘सिक्स’, म्हणजे सहा. का, तर दोन त्रिक सहा! कुठेही जा, पाढ्यांतून सुटका नाही.

एक तडजोड तर मला फारच आवडली. जुन्या पायथॉनमध्ये, पुढचा मजकूर खऱ्या अक्षरांचा समजावा, हे सांगायला शब्दाआधी ‘यू’ हे इंग्रजी अक्षर जोडण्याची सोय होती. नव्यात सगळाच मजकूर खऱ्या अक्षरांचा, म्हणून ती खूण काढून टाकली. लोकांची अडचण झाली. शेवटी २०१२ साली ३.३ या आवृत्तीत ती खूण पुन्हा चालवून घेतली. तिला आता अर्थ काहीच नाही. लिहिली तरी चालते, न लिहिली तरी चालते. मला आपला अनुच्चारित अनुस्वार आठवला. १९६२ च्या नियमांनी तो लेखनातून गेला. पण आजोबांच्या पोथीतले ‘नांव’ आणि ‘गांव’ वाचताना नातवाचे काही अडत नाही. त्या टिंबाकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो आणि पुढे जातो. जुन्याचा निभाव असाही लागतो.

सगळ्यांनाच अशी तडजोड साधत नाही. पर्ल नावाच्या दुसऱ्या एका भाषेची सहावी आवृत्ती २००० साली जाहीर झाली, प्रत्यक्ष यायला २०१५ चा नाताळ उजाडला, आणि तोवर ती पाचवीपेक्षा इतकी वेगळी झाली होती, की २०१९ मध्ये तिचे नावच बदलून ‘राकू’ ठेवले. थोरली पाचवी आपल्या घरी, धाकटी आपल्या घरी. आपल्याकडे याला वेगळी चूल मांडणे म्हणतात. रोजच्या धुसफुशीपेक्षा ते पुष्कळदा बरे असते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, तुमचा यात काय संबंध? संबंध आहे आणि तो माझ्या पहिल्या कादंबरीचा आहे. २००६ साली तालुक्याच्या गावी एका दुकानात ती संगणकावर जुळवून घेतली होती. २०२३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचा योग आला. मी जपून ठेवलेली तबकडी प्रकाशकांकडे धाडली. त्यांचा फोन आला, “मास्तर, हे मराठी नाही.” खरेच नव्हते. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे यांची नुसती खिचडी. नायिका नदीच्या घाटावर उभी असायची तिथे पाच अर्धविराम उभे होते.

विद्यार्थ्याने कारण सांगितले. त्या काळच्या मराठी फाँटची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवायची. यंत्र आतून इंग्रजीच समजत असे. त्याला मराठी मुखवटा चढवलेला. तो ठरावीक फाँट नसला की मुखवटा गळून पडे. शिवाय जितके फाँट तितके मुखवटे. मग युनिकोडने जगातल्या लिप्यांतल्या चिन्हांना आपापला कायमचा क्रमांक दिला आणि हा गोंधळ मिटला. पण आधी लिहिलेले पलीकडच्या तीरावरच राहिले.

माझ्या विद्यार्थ्याने त्या फाँटचे एकेक चित्र ओळखून कोष्टक केले आणि जुन्याचे नव्यात रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तीन रविवार लागले त्याला. चौथ्या रविवारी माझी नायिका घाटावर परत आली.

तरी एक कोडे उरले. कादंबरीत ‘पायऱ्या’ हा शब्द चाळीसेक वेळा आहे. मुद्रिते तपासताना तो संगणकाकडून शोधवला, तर निम्मेच सापडले. डोळ्यांना सगळे अगदी सारखे! उलगडा असा झाला, की आपला हा अर्धा र, जो हिंदीला लागत नाही आणि मराठीचे ज्याच्यावाचून भागत नाही, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची. दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देण्याची. ही दुसरी का ठेवली? तर १९९६ सालच्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगत राहावे म्हणून. जुने मोडू नये म्हणून! रूपांतर केलेला मजकूर एका तऱ्हेचा आणि नव्याने टंकलेली प्रकरणे दुसऱ्या तऱ्हेची, त्यामुळे यंत्राला दोन निरनिराळे शब्द दिसत होते.

युनिकोडवाले या बाबतीत फार वचनाचे पक्के. एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही आणि एकदा दिलेले नावही बदलायचे नाही. एका कंसाच्या इंग्रजी नावात ‘सी’ आणि ‘के’ या अक्षरांची अदलाबदल झाली आहे. तीही तशीच राहायची. लाल शाईची दौत घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरचे हात शिवशिवतात! पण त्या हट्टामुळेच आज लिहिलेली माझी कादंबरी पुढेही कादंबरीसारखीच उघडेल, हेही मी विसरू शकत नाही.

आता विद्यार्थ्याच्या त्या राहिलेल्या उत्तराकडे येतो.

तो रूपांतराचा प्रोग्राम त्याने सगळ्यांसाठी खुला ठेवला. लोक वापरू लागले. कोणी त्यात आणखी एका फाँटचे कोष्टक घातले, कोणी कीर्तनाची पुस्तके सोडवली, कोणी संस्थेच्या स्मरणिका. यंदा गणपतीत तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. प्रोग्राम नव्याने लिहायचा त्याने घाट घातला होता. वेग वाढणार होता, चुका कमी होणार होत्या. पण फार जुन्या संगणकांवर तो चालणार नव्हता. ही बातमी कळताच एका तालुक्याच्या गावातल्या अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांचे पत्र आले. त्यांच्याकडे यंत्र जुने, त्यावर पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अंक, अहवाल. रोज थोडे थोडे काढून ते नव्यात आणत होते. पत्राचा शेवट असा होता: आम्हा गरिबांना मधेच का सोडता?

मी साहजिकच त्या गृहस्थांच्या बाजूने बोलू लागलो. म्हणालो, “अरे, तुझ्या प्रोग्रामचा खरा धनी तोच. नवे यंत्र असलेल्या माणसाकडे जुन्या फाँटचं काम असणार तरी किती?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मघाशी त्या बारा माणसांचं विचारलंत. त्या बारा जणांना मी सोडणार नाही. पण त्यांना धरून ठेवायचं म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची. दिवसा नोकरी, रात्री हे. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही कुणाची पत्रं वाचता? या कामाचा मला एक पैसा मिळत नाही. परवान्यात पहिल्यापासून लिहिलं आहे, जसं आहे तसं, हमी नाही. तरी लोक हक्कानं भांडतात.”

यावर मला पटकन काही सुचले नाही. दोघांचेही खरे होते. दुकानदाराशी भांडता येते, कारण आपण पैसे मोजलेले असतात. पण ज्याने पाणपोई घातली, त्याच्याशी माठ बदलल्याबद्दल भांडायचे कसे? आणि तहानलेल्याने न भांडावे तरी कसे? टोर्वाल्ड्स यांच्या गाभ्यामागे आज पगारी माणसांची फौज आहे. या मुलामागे एक रात्र आणि एक दिवा.

आतून चहा घेऊन येताना ही म्हणाली, “सोडणार असशील तर सांगून सोड. पाहुणासुद्धा जायचा दिवस सांगतो.”

मला १९५७ चा नाणेबदल आठवला, म्हणजे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला. त्या वर्षीच्या १ एप्रिलला रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. जुनी आणि नवी नाणी काही काळ बरोबरीने चालली. ‘नवे पैसे’ हे नावच मुळी गोंधळ टाळायला होते. जुने विसरल्यावर १९६४ मध्ये त्यातला ‘नवे’ गळला. आणि चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास असे सोयीने बसल्यामुळे बोलण्यातले आणे तर नाण्यांच्याही पुढे जगले. एवढा मोठा देश मोजायची वाटी बदलतो, तेव्हा तारीख सांगतो, कोष्टक छापतो आणि काही दिवस दोन्ही वाट्या चुलीपाशी राहू देतो.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून एक निवेदन लिहिले. मजकूर त्याचा, मराठी माझे. जुना प्रोग्राम होता तसा, त्याच्या जुन्या क्रमांकासह, कायम घेता येईल. पुढल्या वर्षीच्या दिवाळी पाडव्यापर्यंत त्यात मोठी चूक सापडली तर दुरुस्त होईल, त्यानंतर नाही. नव्या आवृत्तीच्या क्रमांकातला पहिला आकडा बदलेल. या लोकांत तसा संकेत आहे, की पहिला आकडा बदलला म्हणजे जुने काहीतरी मोडले आहे असे समजावे. आणि शेवटी, काय मोडले ते एक-एक ओळीत, कोणालाही कळेल असे. हे शेवटचे कलम लिहिताना त्याला फार कंटाळा आला. मी त्याला उठू दिले नाही. शाळेत असताना फलक पुरा झाल्याशिवाय त्याला घरी सोडत नसे, तसेच.

चार दिवसांनी त्या गृहस्थांचे उत्तर आले. एकच ओळ होती: तारीख कळवलीत हे बरे झाले, तोवर काम उरकतो.

यातून सगळ्यांसाठी नियम निघतो असे मी म्हणणार नाही. काही गोष्टी मोडल्यावाचून ‘कमळ’ची अक्षरे तीन होत नाहीत, काही गोष्टी मोडल्या तर माणूस मधल्या पायरीवर अडकतो. मात्र मोडणाऱ्याने आपल्या हाताने काय मोडले ते लिहून ठेवावे, आणि ज्याला फुकट मिळाले त्याने देणाऱ्याची रात्र मोजावी, एवढे दोघांनाही सांगावेसे वाटते.

या साऱ्या मंडळींत मला मनापासून हेवा वाटतो तो डोनाल्ड क्नूथ या वृद्ध अमेरिकन गणितज्ञांचा. पुस्तके सुंदर छापता यावीत म्हणून त्यांनी १९७८ साली ‘टेक’ नावाचा प्रोग्राम पहिल्यांदा तयार केला आणि सर्वांना खुला केला. चूक दाखवणाऱ्याला ते बक्षिसाचा धनादेश देत. त्यात नवे काही घालणे त्यांनी केव्हाच थांबवले आहे. अधूनमधून चुका तेवढ्या दुरुस्त करतात. दर दुरुस्तीला आवृत्तीच्या क्रमांकात पाय या गणिती संख्येचा पुढचा एक आकडा वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ पर्यंत आला. त्यांनी सांगून ठेवले आहे, की माझ्या मृत्यूनंतर क्रमांक नुसता ‘पाय’ करावा आणि मग त्यात उरलेल्या चुकांना चुका म्हणू नये. ते त्याचे गुण समजावेत.

माझी दुसरी आवृत्ती यंदा बाहेर पडली. प्रकाशकांनी सुचवले होते, की दोन प्रकरणे आजच्या वाचकाला जुनाट वाटतील, नव्याने लिहून द्या. मी पायऱ्यांचे अर्धे र तेवढे सगळीकडे एका तऱ्हेचे करून दिले आणि बाकी मजकूर तसाच राहू दिला. सतरा वर्षांपूर्वी ज्यांनी ती कादंबरी वाचली, त्यांना ती नायिका त्याच घाटावर, त्याच पायरीवर सापडली पाहिजे. नवे काही सांगायचे असेल तर मी नवी कादंबरी लिहीन.